डावीकडे अडकलेलं पातं

९ नोव्हेंबर, शनिवार

ही वही कोर्टाच्या खर्चाने आली आहे. समुपदेशन करणाऱ्या डार्सीबाई म्हणाल्या, "मिस्टर कांगास, लिहीत जा. मी वाचणार नाही, पानं भरलीत एवढंच बघणार." वय असेल तिचं अठ्ठावीस. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. तिच्या निम्म्या वयाची पोरं आरशात माझे डोळे एकदा बघून गप्प बसायची. आता ती मला वही देते. ठीक आहे. पानं भरायची ना, भरू.

मी आर्वो कांगास, वय सदुसष्ट. गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या क्लेम पिकार्डच्या खांद्यावर बर्फाचं सुपडं हाणलं. पत्र्याचं, दोन हातांनी ढकलायचं मोठं सुपडं. कटकन हाड मोडलं. खरं लिहायचं तर तो आवाज मला बरा वाटला होता. दोन सेकंद. मग माझी बायको ऐला दारात किंचाळली.

भांडण बर्फाचं. माझी गाडीवाट आणि त्याची गाडीवाट शेजारीशेजारी, मध्ये दहा फुटांची पट्टी. माझ्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे बर्फ लोटायचं पातं आहे, ते सहा वर्षं डावीकडे तिरकं अडकून बसलंय. पिन गंजली. डावीकडे म्हणजे क्लेमकडे. म्हणून माझा बर्फ त्याच्या पट्टीवर. अरे, कुठेतरी जाणारच ना! इथे तिन्ही बाजूंनी सरोवर, वर्षाला वीस-बावीस फूट पडतो, तो काय खिशात ठेवू? त्याच्या पट्टीवर जांभळ्या फुलांची लायलॅकची झुडपं होती, ती ढिगाखाली मोडली. झुडपंच ती. त्यावरून तो मला आईवरून बोलला आणि मी सुपडं उचललं.

जज्ज म्हणाल्या, वर्षभरात पिकार्डच्या अंगाला हात लावलात तर नव्वद दिवस तुरुंगात. आता माझी पंचाईत अशी: ऐलाची मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार चाळीस मैलांवर इस्पितळात डायलिसिस. नेणारा मी एकटा. पोरगा टेक्सासात, त्याला बर्फ म्हणजे सरबतातला. मी आत गेलो तर ऐला संपली, आणि गाडीवाट तुंबली तरी संपली. डॉक्टरने तोंडावर सांगितलंय.

म्हणून उपाय काढला. पात्याला तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक जोडणी बसवायची. सीटवर बसल्याबसल्या दांडा ओढला की पातं उजवीकडे, ढकलला की डावीकडे. मग माझा बर्फ माझ्याच बाजूला. त्या तीनबोट्याचं तोंड बंद. (क्लेमच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दारू पिऊन करवतीत घातली असणार.)

डार्सीबाईंची एक युक्ती: राग आला की एकेक बोट मिटत दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की दोन्ही मुठी आवळलेल्या असतात, हे बाईच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

खोकं आलं. एक सिलिंडर, दोन काळ्या नळ्या, लोखंडी ब्रॅकेट, पुड्यात बोल्ट. आधी जुनी पिन काढायची होती. तेल ओतलं, तापवली, शिव्या घातल्या, हलेना. मग घण घेतला. पहिल्या घावाला घण उसळून माझ्या नडगीवर आला. तिथून पुढे मी पिन काढत नव्हतो, ट्रॅक्टरला मारत होतो. पुढचा दिवा फुटला. पान्याने बोटांची सालटी निघाली, तो पाना मी भिरकावला, गॅरेजच्या खिडकीतून बाहेर गेला.

बाहेर क्लेम उभा. पाना त्याच्या बुटापासून हातभर लांब पडलेला.

"नेम चुकला का रे, आर्वो?"

"तुझ्यावर धरला असता तर चुकला नसता."

"पिन वरून ठोकतोयस. खालून ठोक. टोपी वर असते तिची."

"तुला कोणी विचारलं? माझ्या जमिनीवरून चालता हो!"

"मी माझ्याच जमिनीवर आहे. तुझाच पाना आलाय इकडे."

मोजायला लागलो. चारपर्यंत पोचलो आणि दार आपटून घेतलं. नंतर खालून ठोकली, दोन घावांत निघाली. हे त्याला सांगणार नाही, मेलो तरी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. गावात एक माणूस शिल्लक नाही. माझी बंदूक कोर्टात पडून. ऐलाला घेऊन इस्पितळात गेलो. ती यंत्राला चार तास जोडलेली, मी जुनी मासिकं चाळतोय.

परत येताना ती म्हणाली, "कालपरवा खिडकी कशाने फुटली?"

"वाऱ्याने."

"आर्वो, मी काही फार मागत नाही. तू घरी राहा. बस. बाकी तुला कोणाचा गळा धरायचाय तो मनातल्या मनात धर. तू आत गेलास तर मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून मरेन, आणि तुला ते कोणीतरी जाळीतून सांगेल."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली. 

१६ नोव्हेंबर, शनिवार

सिलिंडर बसला! एक टोक पात्याला, एक चौकटीला. दोन्ही नळ्या सीटजवळच्या दांड्यापर्यंत नेल्या. लोंबणाऱ्या नळ्या मला बघवत नाहीत, गचाळ काम वाटतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी चौकटीला करकचून बांधल्या, अगदी सरळ रेषेत. बसच्या वायरी मी अशाच बांधायचो.

संध्याकाळी सौना, आमचं वाफेचं स्नान. शनिवारी सौना झाली नाही तर आमच्याकडे आठवडा संपत नाही. लाकडं ओली, पेटेनात. खिशात जोडणीची माहितीपत्रिका होती, आठ पानी, बारीक अक्षर, निम्म्या पानांवर त्रिकोणात उद्गारचिन्हं. तीच लावली. झकास पेटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चौदा इंच पडला. ट्रॅक्टर काढला, दांडा ओढला आणि पातं गर्रकन उजवीकडे वळलं. सहा वर्षांनी! मी एकटाच ओरडलो. सगळा बर्फ माझ्या बाजूला, पार लाकडांच्या ढिगापलीकडे. पहिला बर्फ लांब लोटून ठेवायचा असतो, नाहीतर फेब्रुवारीत जागा उरत नाही. क्लेमच्या पट्टीवर एक ढेकूळ गेलं नाही. त्याने त्या मोडक्या खुंटांना लाल चिंध्या बांधल्यात, बघणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. झुडपांसाठी! म्हातारा वेडा झालाय.

तो खिडकीत उभा राहून बघत होता. एक शब्द कौतुकाचा? नाव नको.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोठं वादळ येतंय म्हणे, आज रात्रीपासून उद्या दुपारपर्यंत. आणि उद्या सोमवार. म्हणून ट्रॅक्टर तपासायला घेतला, तर खाली बर्फावर तेलाचे लाल डाग. म्हणजे नळी कुठेतरी पाझरतेय. बघितलं तर पातं पूर्ण उजवीकडे गेलं की नळी ताणली जाते आणि ब्रॅकेटच्या धारेवर घासते. भोक काही दिसेना. इंजिन चालू ठेवलं, दांडा ओढून पट्ट्याने अडकवला, हातमोजा काढला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने नळी चाचपत गेलो. सापडलं. सुई टोचावी तसं काहीतरी टोचलं. रक्त नाही, काही नाही, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. बोट जरा बधिर झालं, थंडीने.

एवढ्यात बघतो तर क्लेम स्वतःच्या ओसरीवर येऊन माझ्याकडे हात हलवतोय. तो तीन बोटांचा पंजा! वर धरून हलवतोय आणि इंजिनच्या आवाजात काहीतरी बोंबलतोय. उभ्या गल्लीत मला अश्लील खुणा करतो? तळपायाची आग मस्तकात गेली. मीही माझ्याकडच्या सगळ्या खुणा करून दाखवल्या, दोन्ही हातांनी, पाठ फिरवून कमरेखालची सुद्धा. तो थांबला, घरात गेला. दार इतक्या जोरात आपटलं की छपरावरचा बर्फ घसरला. जिंकलो!

नळीला रबर गुंडाळून तार आवळली. उद्यापुरतं चालेल. बोट ठणकतंय थोडं.

२५ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे

झोप नाही. बोट सॉसेज झालंय, पांढरट, वाकत नाही. कोपरापर्यंत ठणका. अंगात कणकण. ऐलाला दाखवलं नाही, तिला आज आधीच काय कमी आहे. बाहेर दोन फूट पडलाय, वर बर्फ लोटणाऱ्या सरकारी गाडीने रस्त्याचा सगळा ढीग आमच्या तोंडाशी लावून ठेवलाय. साडेसातला निघालंच पाहिजे. लेखणी धरवत नाही. नंतर लि

३० नोव्हेंबर, शनिवार

मी ऐला लिहितेय. आर्वोचा उजवा हात बांधलेला आहे. तो म्हणतो पानं भरली नाहीत तर डार्सीबाई रागावतील. तो सांगेल, मी लिहीन, आणि जिथे खोटं बोलेल तिथे माझं घालीन.

तो सांगतो: सोमवारी सकाळी मी एका हाताने ट्रॅक्टर चालवत होतो. उजवा हात जाकिटात. काम उत्तम चाललं होतं. (काम वाकडंतिकडं चाललं होतं, पत्रपेटी पाडली.) तेवढ्यात क्लेम कमरेएवढ्या बर्फातून पळत आला. तोंड लालबुंद. म्हणाला, "हात दाखव!" मी म्हणालो, "चालता हो." त्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. मी खाली उतरलो. मी मोजत होतो. शपथेवर, मी मोजत होतो.

मी पिशवी घेऊन दारात होते, मी सगळं पाहिलं. मोजत वगैरे नव्हता. क्लेमने त्याचं उजवं मनगट धरलं, आर्वो गुरासारखा ओरडला आणि त्याने क्लेमच्या तोंडात डोकं हाणलं. क्लेमचा दात गेला. मग क्लेमने मारलं. एकच, पण नाकावर. रक्ताची चिळकांडी माझ्या पायरीपर्यंत आली. आर्वो ढिगात उताणा, क्लेम त्याच्या छातीवर चढून बसला, गुडघ्याने हात दाबला आणि दातांनी हातमोजा ओढून काढला. मी फावडं उचललं होतं. खरंच उचललं होतं, क्लेमच्या डोक्यात घालायला. पन्नास वर्षांत मी कोणावर हात उगारला नव्हता.

मग मला ते बोट दिसलं. जांभळं-काळं, टम्म.

क्लेम ओरडला, "किती वाजता, आर्वो? काल चारला, हो ना? चौदा-पंधरा तास! ऐला, ते खाली ठेव आणि माझ्या पिकअपमध्ये बस!"

"मला मारतोय हा! मारतोय मला!" आर्वो.

"मारतोच आहे. ऊठ, नाहीतर पाय धरून फरफटत नेईन."

आणि फरफटतच नेलं, कॉलरला धरून. चाळीस मैल सरकारी गाडीच्या मागेमागे. क्लेम एका हाताने चालवत होता, दुसऱ्या हाताने आर्वोचा दंड धरून होता, आणि दोघांचं रक्त माझ्या चांगल्या कोटावर. अर्ध्या वाटेवर आर्वो बरळायला लागला, बसमधल्या पोरांना गप्प बसा म्हणून ओरडत होता.

डॉक्टरीण म्हणाली, नळीतून सुईएवढी तेलाची धार आत गेली. वरून ठिपका दिसतो, आत सगळं मांस सडत जातं. नळी हाताने चाचपायचीच नसते, भोक शोधायला तिच्यावरून पुठ्ठा फिरवायचा. बोट गेलं. अजून दोन-तीन तास उशीर झाला असता तर कोपरापासून हात.

मी तेव्हा खालच्या मजल्यावर यंत्राला जोडलेली. वेळेवर पोचले होते.

रस्त्याने जाणाऱ्या पोस्टाच्या बाईने मारामारी पाहून पोलिसांना कळवलं होतं. मी यंत्रावरून सुटून क्लेमशेजारी बसले होते, तेव्हा डेप्युटी टॉड इस्पितळात आला. लहानपणी आर्वोच्याच बसने जायचा. त्याने क्लेमला विचारलं, "पहिला हात कोणी उचलला, मिस्टर पिकार्ड? खरं बोला. ह्यांच्यावर नव्वद दिवस टांगलेले आहेत."

क्लेमच्या तोंडात कापूस. म्हणाला, "तो बर्फावर घसरला. त्याला उचलायला गेलो, मीही घसरलो."

"आणि दात?"

"घसरताना."

टॉडने वही मिटली. "जपून चाला दोघंही," म्हणाला.

(हे सगळं आर्वो आत्ता ऐकतोय. मी लिहिणं थांबवते, कॉफी करते.)

१६ डिसेंबर, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं. इस्पितळात बसलोय, ऐला आत आहे.

तीन आठवडे क्लेमच नेतोय आम्हाला. गाडीवाटही तोच साफ करतो, माझ्याच ट्रॅक्टरने. त्याने नळ्या सोडून पुन्हा लावल्या, ढिल्या, लोंबणाऱ्या. "त्यांना हलायला जागा हवी, गाढवा," म्हणाला. बघवत नाहीत, पण घासतही नाहीत.

आज सकाळी निघण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. ऐला आत कपडे बदलत होती. मी बरेच दिवस विचारायचं म्हणत होतो, ते विचारलं. "तुझी बोटं कशी गेली?"

"अशीच. एक्क्याण्णव साली, जंगलात, ओंडके ओढायच्या यंत्रावर. शुक्रवारी टोचलं, सोमवारी दाखवलं." त्याने पंजा टेबलावर ठेवला. "त्या रविवारी हेच दाखवत होतो तुला ओसरीवरून. नळीवर हात फिरवताना पाहिलं, हात झटकताना पाहिलं. मला कळलं."

"मला वाटलं, तू..."

"तुला काय वाटलं ते तू पाठ फिरवून दाखवलंस."

मी हसलो. तो हसला नाही.

"आर्वो, ऐक. मला चार वाजताच कळलं होतं. तेव्हाच तुला उचलून नेला असता तर बोट राहिलं असतं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. बहुतेक राहिलं असतं, म्हणाल्या. मी घरात गेलो आणि खुर्चीत बसलो. म्हटलं, मरू दे. ती झुडपं माझ्या बायकोने, जोनने लावली होती, ज्या वर्षी गेली त्या वर्षी, केमोने डोक्यावर केस उरले नव्हते तेव्हा. ती तू मोडलीस आणि वर म्हणालास, झुडपंच ती. म्हटलं, ह्यालाही काहीतरी मोडल्याचं कळू दे. अख्खी रात्र बसलो. सकाळी नाही बसवलं."

मला आधी नीट कळेचना. मग कळलं. हा माणूस जाणून होता. पंधरा तास जाणून होता आणि शंभर फुटांवर खुर्चीत बसला होता.

कॉफीचा कप मी भिंतीवर फोडला. उठलो. तो उठला नाही. हात टेबलावर ठेवून तसाच बसून राहिला, तोंड वर करून. दातांची फट दिसत होती. मला वाटतं, तो वाट बघत होता. माझी डावी मूठ आपोआप वळली. एवढं मारावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, सुपड्याच्या वेळीही नाही. नाकाचं हाड कुठे असतं ते मला दिसत होतं.

मोजायला लागलो. मोठ्याने. डावा हात, एक, दोन, तीन, चार, पाच. मग उजवा, बँडेजमधून. अंगठा, सहा. सात, आठ, नऊ.

नऊवर अडकलो. पुढचं बोटच नाही. मी तसाच उभा, अंगठ्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत. 

क्लेम म्हणाला, "माझे आठच होतात."

आतून ऐलाने हाक मारली. "काय फुटलं रे?"

घड्याळात साडेसात झाले होते.

"काही नाही, कप," मी म्हणालो. मग क्लेमला म्हणालो, "गाडी काढ. तिला उशीर होतोय."